टेबलक्लॉथच्या कोपऱ्यातले नाव

मित्रांनो, मी एक जुनी रिंग आहे. बोटात घालायची नव्हे; भरतकाम करताना कापड ताणून धरायची, बांबूची. एक कडे आत, एक बाहेर, आणि बाहेरच्या कड्याला आवळायला पितळी स्क्रू. जुनी छत्री, फुटकी पाटी, गंजलेला कंदील अशा आमच्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळ्या होतात. मी कुणालाही क्षमा केलेली नाही. माझ्या कुंदाचे काम ज्यांनी आपल्या नावावर केले, त्यांच्यावर मी डूख धरला. त्यांच्यावर सूड उगवला गेला तेव्हा मी तिथेच होते आणि मला फार बरे वाटले. तेच तुम्हाला सांगते.

माझा जन्म परतवाड्याचा. सेमाडोहच्या जंगलातला बांबू तिथल्या बाजारात येई आणि पुंजाजी नावाचा म्हातारा कारागीर त्याच्या पट्ट्या काढी. चाळण्यांचे घेर, सुपांच्या कडा आणि आमच्यासारख्या रिंगा तो बनवीत असे. पट्टी आधी पाण्यात भिजवायची, मग विस्तवावर शेकत शेकत वाकवायची. घाई केली की ती तडकते. पुंजाजीने मला वाकवले, सुतळीने करकचून बांधले आणि वाळेपर्यंत खुंटीला टांगून ठेवले. तेवढ्या दिवसांतच माझा स्वभाव ठरून गेला. एकदा धरले की सोडायचे नाही.

१९५४ सालच्या कापसाच्या हंगामात तिवस्याचा एक शेतकरी, सहदेव, गाडी घेऊन अमरावतीला आला होता. कापूस विकून झाल्यावर तो एका दुकानात शिरला आणि भरतकामाची रिंग मागू लागला. दुकानदाराने मला पुढे केले. सहदेवाने मला दोन्ही हातांनी ओढून पाहिले, बैलाचे जू पाहतात तसे, आणि मग घेतले. त्याची मुलगी कुंदा शाळेसाठी अमरावतीला तिच्या मोठ्या बाबांकडे, म्हणजे सहदेवाच्या थोरल्या भावाकडे राहत होती. या भावाचे नाव खुशालराव. शेत तिवस्याला धाकटा भाऊ कसायचा आणि थोरला शहरात बंगली बांधून राहायचा, अशी त्या घरची वाटणी होती. खुशालरावांची बायको गोदाबाई ही कुंदाची मोठी आई, आणि त्यांची मुलगी चंद्रकला ही कुंदाची चुलत बहीण. दोघी एका वयाच्या, एकाच वर्गात.

कुंदाने मला हातात घेतले आणि पहिली गोष्ट काय केली असेल? जुन्या लुगड्याची एक पट्टी फाडली आणि माझ्या आतल्या कड्याला गुंडाळली, म्हणजे कापड सरकत नाही आणि बांबूचा डागही पडत नाही. हे तिला कुणी शिकवले नव्हते. मी त्याच दिवशी तिची झाले.

शाळेत शुक्रवारी शिवणाचा तास असे. शिवणाच्या बाई मोठ्या कडक. धावदोऱ्यापासून त्यांनी सुरुवात केली. मग टीप आली, मग देठाचा टाका, कडेसाठी काज टाका, पाकळीसाठी भरीव टाका आणि परागांसाठी गाठीचा टाका. कुंदा सुरुवातीला दोरा इतका ओढायची की कापडाला चुण्या पडायच्या. बाई तिचे काम उसवायच्या आणि ती गुपचूप पुन्हा भरायला बसायची. बाई कधीही कापडाची समोरची बाजू आधी पाहत नसत. उलटी बाजू पाहायच्या. मागे गाठी किती, दोरा एका फुलावरून दुसऱ्यावर किती लांब उडी मारतो, हे पाहून त्या गुण द्यायच्या. चंद्रकलेच्या कापडाच्या मागे नुसते जंगल असे. तिचा गळा गोड होता, हसणे मोकळे होते, पण सुईपुढे बसायचा तिला कंटाळा. एवढ्यावर मी तिला काही बोलले नसते. पुढे जे झाले त्यावर बोलते.

दहावीत बाईंनी आरी शिकवली. आरी म्हणजे पुढे आकडा असलेली सुई. दोरा कापडाच्या खालून धरायचा, आरी वरून घालायची आणि दोरा आकड्यात पकडून वर काढायचा. एका कडीतून दुसरी कडी काढत गेले की सुरेख साखळी तयार होते. सुईपेक्षा कितीतरी लवकर होते, पण कापड मात्र ढोलकीच्या कातड्यासारखे ताणलेले लागते. म्हणजे तिथे माझे काम आले. या साखळीची एक खोड आहे. शेवटची कडी लहानसा टाका घालून बांधून टाकावी लागते. नाही बांधली, आणि कुणी मागचा दोरा ओढला, तर सगळी साखळी सरसर निघून येते आणि कापड कोरे होते. बाईंनी एका मुलीची अख्खी वेल अशी ओढून दाखवली होती.

मॅट्रिकच्या, म्हणजे अकरावीच्या वर्षी शहरातल्या एका महिला संस्थेने शिवणशिक्षिकांचा वर्ग काढला. दोन वर्षे शिकायचे, मग शाळेत नोकरी. प्रवेशाला एकच अट होती. स्वतःच्या हाताने भरलेले एक मोठे, पूर्ण झालेले काम दाखवायचे. कुंदाने ठरवले की आपण हा वर्ग करायचा. नाही केला तर तिवस्याला परत जायचे आणि बाप दाखवील त्या घरी नांदायचे, हे तिला ठाऊक होते. तिने बदामी रंगाची दोसुती, म्हणजे दुहेरी सुताचे जाड कापड घेतले, रेशमाच्या लच्छ्या घेतल्या आणि टेबलक्लॉथ भरायला काढला.

तिचा मामा शेंदूरजनाघाटला राहायचा. तिथली संत्र्यांची बाग तिने कापडावर घ्यायची ठरवली. पानांना भरीव टाका, तिरका घातलेला, म्हणजे पानाची शीर मध्ये आपोआप दिसते. फुलांना पाकळीगणिक एकच मोकळी कडी. देठांना देठाचा टाका. हे सगळे भराभर ठरले, पण संत्रे ठरेना. भरीव टाक्याने भरले तर ते गुळगुळीत टमाट्यासारखे दिसले. तिने ते उसवले. साखळीने गोल गोल भरले तर जिलबी दिसू लागली. तेही उसवले. एक दिवस ती खरे संत्रे हातात घेऊन सालीवरून कितीतरी वेळ बोट फिरवत बसली. सालीला बारीक बारीक खळगे असतात ना? मग तिने गाठीचे टाके घेतले, नारिंगीच्या तीन छटांचे, जवळजवळ पण सैल हाताने. संत्रे असे उठले की चंद्रकलेनेही त्यावरून हात फिरवला आणि ती कौतुकाने हसली. या टाक्यांना वेळ फार लागतो. एक फळ भरायला कुंदाचा अख्खा रविवार जाई. सगळे होत आले तेव्हा उजव्या बाजूचा खालचा कोपरा तिने रिकामा ठेवला. तिथे शेवटी नाव येणार होते.

त्याच सुमारास अकोल्याहून चंद्रकलेला पाहायला पाहुणे आले. मुलगा देवमन, शेतकी शिकलेला, चांगल्या घरचा. बरोबर त्याची आई पार्बताबाई. नाकीडोळी करारी, बोलणे मोजके. चहापोहे झाले, गाणे झाले, आणि पार्बताबाईंनी मुलीचे हातकाम दाखवायला सांगितले. त्या काळी ही पद्धतच होती. गोदाबाई आत आल्या, कुंदाची पेटी उघडली आणि टेबलक्लॉथ काढून बाहेर नेला. "आमच्या चंद्रकलानं भरला," असे त्यांनी सांगितले. कुंदा पोह्यांच्या बशा उचलायला तिथेच उभी होती. चंद्रकला खाली पाहत बसली. तिने हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. पार्बताबाईंनी कापड हातात घेतले आणि आमच्या शिवणाच्या बाईंसारखीच आधी त्याची उलटी बाजू पाहिली. बोटाने दोरे चाचपले, गाठ शोधली, सापडली नाही. मग कुठे त्यांनी सरळ बाजू केली. मुलगी पसंत असल्याचे त्यांनी तिथेच सांगितले आणि टेबलक्लॉथ अकोल्याच्या नातलगांना दाखवायला म्हणून घडी करून सोबत नेला.

पाहुणे गेल्यावर कुंदा मोठ्या आईसमोर उभी राहिली. कापड माझे आहे, मला वर्गाच्या प्रवेशाला दाखवायचे आहे, ते परत मागवा, असे ती म्हणाली. गोदाबाईंनी भांडी आवरता आवरताच उत्तर दिले.

"तुह्या एका कापडानं तुह्या बहिनीचं लगन जमून राहिलं, अन् तुले वर्गाची पडली? दुसरा भरून घे. तुहं काय जाते?"

खुशालराव हे सगळे ऐकत होते. त्यांनी पानाला चुना लावला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. दुसरा टेबलक्लॉथ भरायला तेवढा वेळ उरला नव्हता. मुलाखतीच्या दिवशी कुंदा शाळेतले नमुन्याचे तुकडे घेऊन गेली. मी तिच्या पिशवीत होते. समोरच्या बाईंनी मोठे काम मागितले. ते अकोल्याला गेले आहे, असे कुंदाने सांगितले. त्या बाई काही वाईट नव्हत्या, पण असे सांगणाऱ्या मुली त्यांनी पुष्कळ पाहिल्या असाव्यात. त्यांनी तुकडे परत केले आणि पुढच्या मुलीला बोलावले. मित्रांनो, त्या दिवशी पिशवीच्या अंधारात मी पहिल्यांदा शाप दिला. रिंगेच्या शापाला कोण विचारतो म्हणा. पण दिला.

लग्न वैशाखात ठरले. मग रुखवताची तयारी सुरू झाली. मुलीकडचे लोक मुलीच्या हातचे पदार्थ आणि हातकाम मांडून वरमाईला दाखवतात, ते रुखवत. उशांचे अभ्रे, दाराचे तोरण, रुमाल, आरशाचे झाकण, सगळे कुंदाने भरायचे, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात 'चंद्रकला' असे नाव घालायचे. गोदाबाईंनी हे इतक्या सहज सांगितले, जणू दळण आणायला सांगत होत्या. त्यातच अकोल्याहून टेबलक्लॉथ परत आला. सोबत निरोप होता की हाही रुखवतात मांडा, आणि कोपरा रिकामा आहे तिथे मुलीचे नाव घाला, शोभेल.

दुपारची वेळ होती. कुंदाने तो टेबलक्लॉथ मांडीवर पसरला. तिने जागा राखून ठेवलेला तो कोपरा माझ्यात ताणला आणि स्क्रू आवळला. पुढे एक सुई होती आणि एक आरी. सुईने नाव भरले असते तर ते धुऊन धुऊन कापड विरले तरी गेले नसते. ती सुईकडे पाहत राहिली. मी मनात म्हणत होते, कुंदे, आरी घे. तिने सुई कापडात टोचून बाजूला ठेवली आणि आरी उचलली. ती रडली नाही, हे मला आवडले. पहिल्या अक्षरावरचा अनुस्वार तिने तेवढ्यापुरती सुई घेऊन गाठीच्या टाक्याने पक्का घातला, कारण तेवढ्या ठिपक्याला साखळी येत नाही. बाकीचे सगळे नाव आरीच्या साखळीने भरले, एका दोऱ्यात. शेवटची कडी तिने बांधली नाही. मागे बोटभर दोरा लोंबता ठेवला. पार्बताबाईंच्या बोटांना तो सापडणार होता, हे तिला चांगले ठाऊक होते आणि मलाही.

मग सगळ्या अभ्र्यांवर, रुमालांवर, तोरणावर तिने तसेच केले. फुलांना मात्र तिने धक्का लावला नाही. फुले तिची होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी गोदाबाईंना आणखी एक कल्पना सुचली. त्यांनी मला उचलले. माझ्यात अर्धवट भरलेला गुलाब तसाच ताणलेला ठेवला, आरी त्यात खोचली आणि मला रुखवताच्या सामानात ठेवले. ही चंद्रकलेची रिंग, हीही तिच्याबरोबर अकोल्याला जाणार, असे त्या बायकांना सांगत होत्या. म्हणजे आता मीसुद्धा चोरीला गेले. माझा संताप काय झाला असेल ते तुम्हीच समजून घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवात रुखवत मांडले. एका बाजूला सरगुंडे, कुरड्या, अनारसे. दुसऱ्या बाजूला कापडे. पार्बताबाई चार बायका घेऊन आल्या. पदार्थांवरून त्यांनी नुसती नजर फिरवली. टेबलक्लॉथ मात्र उचलला, आपल्या सवयीप्रमाणे उलटा केला आणि त्यांना तो लोंबता दोरा दिसला. नीटनेटक्या बाईला लोंबता दोरा सोसत नाही. त्यांनी तो तोडावा म्हणून ओढला. तो तुटला नाही. तो येतच राहिला. त्यांनी कापड सरळ केले तेव्हा कोपऱ्यातले नाव गेले होते. नारिंगी रंगाचा एक अनुस्वार तेवढा उरला होता.

कुणीतरी हसले. गोदाबाई पुढे आल्या आणि दोरा कच्चा निघाला असेल म्हणाल्या. पार्बताबाईंनी अभ्रा उचलला, उलटा केला, दोरा ओढला. नाव गेले. रुमाल उचलला. नाव गेले. आता कुणी हसत नव्हते. मग त्यांनी टेबलक्लॉथवरच्या एका फुलाचा आणि मग एका संत्र्याचा मागचा दोरा नखाने धरला आणि जोर लावून ओढून पाहिला. दोन्ही जागची हलली नाहीत.

"फुलं एकबी हालून नाही राहिलं. नावं तेवढे निघून राहिले. असं काहून, विहीनबाई?"

गोदाबाई कुरड्यांचे ताट सारखे करू लागल्या. पार्बताबाईंनी मला उचलले, माझ्यातला गुलाब सोडवला आणि टेबलक्लॉथचा कोपरा ताणून मला चंद्रकलेपुढे धरले. चंद्रकला हळदीच्या हातांनी, मुंडावळ्या बांधून बसली होती.

"घे पोरी. माह्यासमोर नाव भर. मांडव कुठी पळून नाही चालला."

मित्रांनो, त्या वेळी माझ्याइतके घट्ट कापड कोणत्याही रिंगेने कधी धरले नसेल. चंद्रकलेने आरी काडीसारखी धरली आणि वरून खुपसली. आकडा कापडात अडकला. तिने हिसका दिला, तो आणखी अडकला. तिच्या हाताची हळद दोसुतीला लागली. तिने आजूबाजूला पाहिले, आणि शेवटी जिच्याकडे पाहू नये तिच्याकडेच पाहिले. कुंदा पाण्याचे तांबे घेऊन खांबाशी उभी होती. पार्बताबाईंनी ती नजर कुठे गेली ते बरोबर टिपले.

"तुले येते?"

"येते," कुंदा म्हणाली.

"मंग भर."

कुंदाने तांबे खाली ठेवले, हात पदराला पुसले आणि मला घेतले. आकडा तिने एका वळणात सोडवला. मग मान वर करून विचारले, "कोनाचं भरू?"

पार्बताबाईंनी एका संत्र्यावरून बोट फिरवले. "ज्यानं फुलं भरले त्याचं."

बाहेर वाजंत्री सुरू झाली होती. मुहूर्त जवळ आला होता. खुशालराव दोनदा येऊन घाई करून गेले. कुंदाने घाई केली नाही. तो उरलेला अनुस्वार तिने उसवला नाही. त्याच्याच खाली पहिले अक्षर बसवले. 'कुंदा'. शेवटची कडी लहानशा टाक्याने बांधली, मागे दोन वेळा दोरा गुंतवला आणि दाताने तोडला. पार्बताबाईंनी कापड उलटे करून मागचा दोरा ओढायचा प्रयत्न केला. आता ओढायला काही नव्हते.

लग्न मोडले नाही. लग्न टाक्यांशी नाही, पोरीशी लागते आहे, तेव्हा लागू द्या, असे पार्बताबाई म्हणाल्या. पण टेबलक्लॉथ त्यांनी कुंदापुढे धरला. तुझा आहे, घेऊन जा, असे त्यांनी सांगितले. मित्रांनो, नीट ऐका. तो टेबलक्लॉथ हातात असता तर पुढच्या वर्षी कुंदाला त्या वर्गात कुणी अडवू शकले नसते. तिला हे माहीत होते. तिने कापडाकडे पाहिले, मग चंद्रकलेकडे पाहिले.

"नाई. थो तुमच्याच घरी राहू द्या. बैठकीत टाका. तिच्यासमोर."

पार्बताबाईंनी घडी घातली, नाव वर येईल अशी. मला मात्र कुंदाने रुखवतातून उचलले आणि कमरेला खोचले. ती रिंग अकोल्याला जाणार आहे, असे म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही.

लग्नाचा मांडव उतरला आणि गोदाबाईंनी कुंदाची पेटी तिवस्याच्या मोटारीत चढवली. अमरावतीच्या त्या घरचे दार तिला पुन्हा उघडले नाही. वर्ग गेला तो गेलाच. तिवस्याला शेताची कामे, खुरपणी, वेचणी. नवा टेबलक्लॉथ भरायला ना उसंत, ना लच्छ्यांना पैसे. माझे पितळ काळे पडले. गुंडाळलेली पट्टी उंदरांनी कुरतडली. काही वर्षे मी धान्याच्या कोठीवर धूळ खात पडले होते, हेही सांगते. पण कुंदा त्या निवडीबद्दल कधी हळहळली नाही, निदान माझ्यासमोर तरी नाही. लग्न झाले, तिवस्यातच. नवरा साधा, भला. हळूहळू गावातल्या मुली तिच्या ओट्यावर टाके शिकायला येऊ लागल्या. तिने मला पुसले, नवी पट्टी गुंडाळली आणि पुन्हा कामाला लावले.

१९६७ साल असेल. ओट्यावर सात-आठ मुली धावदोरा घालत बसल्या होत्या. मोटारीतून एक बाई उतरली, हाताला धरून आठ-नऊ वर्षांची मुलगी. चेहरा ओढलेला, केस वयाआधीच थोडे पिकलेले. चंद्रकला. कुंदाने ओळखले, पण उठली नाही. चंद्रकला पायरीशीच उभी राहिली. सासूबाईंनी पाठवले, ती म्हणाली. नातीला टाके शिकवायचे तर कुंदाकडेच, दुसरीकडे नाही, असे त्यांनी बजावले होते. सुट्टीभर मुलीला ठेवून घेशील का, असे तिने विचारले.

कुंदाने मुलीला जवळ घेऊन बसवले, तिचे नाव विचारले, तिच्या हातात सुई दिली. पोरीशी तिचे वैर नव्हते. मग तिने वर पाहिले.

"पोरीले शिकवतो. पण तूबी बस."

"मी?"

"तूबी. इथिसा, पोरींच्या रांगेत."

चंद्रकलेने पायरीशी चपला काढल्या. मुली तोंडावर हात धरून पाहत होत्या. मग ती जरीच्या पातळासकट मातीच्या ओट्यावर, आपल्याच मुलीच्या शेजारी मांडी घालून बसली. कुंदाने कोऱ्या मांजरपाटाचा तुकडा माझ्यात ताणला आणि मला तिच्या हातात दिले. माझा स्क्रू तेव्हा जरा झिजला होता. कुंदासाठी मी जीव लावून कापड धरत असे. चंद्रकलेसाठी मी जीव लावला नाही. कापड सैल पडत गेले, दोरा वाकडा जात राहिला, सुई तिच्या बोटात गेली, आणि मी सुखाने पाहत राहिले.

भरता भरता, मान खाली घालूनच, ती बोलली.

"दहा वर्सं झाले. रोज सकाळी तुहं नाव वाचतो. कोनीबी पाव्हना आला का इचारते, कुंदा कोन? सासूबाई थो कापड पेटीत ठेऊ देत नाही."

"म्हनूनच ठेवला होता."

चंद्रकलेची सुई थांबली. "अन् तुहा वर्ग गेला."

"गेला," कुंदा म्हणाली.

मित्रांनो, तुम्हाला वाटत असेल की आता कुंदाचे डोळे भरून आले असतील, चंद्रकलेने तिचे पाय धरले असतील. तसे काही झाले नाही. कुंदाच्या मनात काय होते ते मला कळले नाही, आणि तिने कधी सांगितलेही नाही. माझे मात्र मी सांगते. मी तेव्हाही माफ केले नव्हते आणि आताही नाही. रिंगेला ऊन लावू नका, स्क्रूला अधूनमधून तेल द्या, काम झाले की कापड माझ्यातून काढून ठेवा; हे सगळे तुम्हाला कुणीही सांगेल. मी एवढेच मागते की दुसऱ्याच्या हाताचे काम आपल्या नावावर घेऊ नका. ज्याचे घेतले त्याला त्याची किंमत मोजावी लागते, आणि तुम्हालाही ती मोजायला लावल्याशिवाय तो राहत नाही.

संध्याकाळी कुंदाने चंद्रकलेचे कापड हातात घेतले आणि उलटे केले. मागे गाठी होत्या. तिने सुईच्या टोकाने पहिली गाठ काढली, मग दुसरी, मग सगळी ओळ शांतपणे उसवली आणि कापड तिच्या मांडीवर परत ठेवले.

"उद्या पुन्हा," ती म्हणाली.